ठिपकेवालीची कॉट

कॅज्युअल्टीत तिला सगळे ठिपकेवाली म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की ठिपकेवाली. तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही तक्रार नव्हती, कारण तिचं काम खरंच ठिपक्यांचं होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिने अख्खी कॅज्युअल्टी उतरवून काढली होती. दार, नावनोंदणीची खिडकी, कॉटच्या रांगा, एक्स-रेची खोली, स्कॅनची खोली, वरच्या वॉर्डांकडे जाणारी लिफ्ट. पेशंट म्हणजे ठिपका. जिवावर बेतलेला तो लाल, थोडं थांबू शकेल तो पिवळा, घरी जाण्याजोगा तो हिरवा. बटण दाबलं की ठिपके दारातून आत शिरत, कॉटवर जात, तपासणीला जात, परत येत, आणि हातातला चहा संपेपर्यंत कॅज्युअल्टीचा अख्खा महिना पडद्यावरून सरकून जाई.

बघणाऱ्याला खेळ वाटावा असं ते होतं, पण खेळ नव्हता. कॉरिडॉरमध्ये माणसं भिंतीला टेकून कण्हत बसत, आणि आत कॉट नाही म्हणून त्यांना कोणी हात लावत नसे. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी, तिला नेमलं ते यासाठीच. जिवंत माणसांवर नवेनवे नियम लावून बघता येत नाहीत, ठिपक्यांवर येतात. तिने ठिपके फिरवून फिरवून पाहिले तेव्हा ध्यानात आलं की कॉट कमी नाहीत, अडकलेल्या आहेत. पेशंट एक्स-रेला गेला तरी त्याची कॉट त्याच्या नावाने मोकळी पडून राही. नुसत्या रिपोर्टची वाट बघणारा धडधाकट माणूस कॉटवर लोळत राही. आणि दाराशी नवा माणूस धापा टाकत उभा.

त्यातून नियम निघाला: कॉट कोणाची नाही. जो उतरला त्याची कॉट पुढच्याला. परत आल्यावर बसवत असेल तर खुर्चीत बसायचं, नसेल बसवत तर जी मोकळी होईल ती कॉट मिळेल. पडद्यावर हा नियम लावला आणि कॉरिडॉर झाडून घेतल्यासारखा रिकामा झाला. मोठे डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठलेच. दुसऱ्या दिवसापासून नियम लागू, आणि कॅज्युअल्टीच्या भिंतीवर खऱ्या कॉट आणि खरे पेशंट ठिपक्यांनी दाखवणारा एक मोठा पडदाही लागला.

सुरुवातीला खरोखर फरक पडला. मग हळूहळू पुन्हा सगळं तुंबायला लागलं, आणि तेही विचित्र तऱ्हेने. स्कॅनचं मशीन हात बांधून बसलेलं, आणि स्कॅन व्हायचा बाकी असलेली माणसं मात्र वाढत चाललेली. ठिपकेवालीने दोन दिवस डोकं खाजवलं. आपले ठिपके फार चपळ आहेत, खरी माणसं कॉटवरून स्कॅनपर्यंत इतकी भरभर पोचत नसतील, असं तिला वाटलं. म्हणून तिने ठिपक्यांची चाल मंद केली. आणि काय सांगावं, पडद्यावरचं चित्र खऱ्या कॅज्युअल्टीशी तंतोतंत जुळलं. तिला हायसं वाटलं. पेशंट नेणारे वॉर्डबॉय हळू चालतात, असं तिने वर कळवलं. वॉर्डबॉयना बोलणी बसली. ते बिचारे भरभर चालायला लागले, रिकाम्या व्हीलचेअर घेऊन.

व्हीलचेअर रिकाम्या का, हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. ठिपका कधी नाही म्हणत नाही ना, म्हणून.

तिच्या घरात ती आणि सासरे, दोघंच. नवरा मालवाहू जहाजावर कामाला, वर्षातून एकदा यायचा. नणंद जवळच राहायची. सासरे जन्मभर बसचे कंडक्टर होते. खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. रुमाल उचलून नाक पुसायचे आणि उभ्या असलेल्या म्हातारीला तिथे बसवायचे, असं ते स्वतःच सांगत, आणि सांगताना अजून हसत. हृदयासाठी त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. मागच्या आठवड्यात न्हाणीघरात पाय सरकला, डोकं नळावर आपटलं. टेंगूळ आलं आणि बसलं. काही झालं नाही, म्हणाले. त्या दिवशी सकाळी मात्र डाव्या हातातून कप घरंगळला आणि शब्द तोंडात अडखळायला लागले. तिने नणंदेला हाक मारली आणि दोघींनी त्यांना गाडीत घालून थेट तिच्याच कॅज्युअल्टीत आणलं.

नेमकं त्याच दिवशी दुसऱ्या हॉस्पिटलांचे लोक तिचा नियम बघायला येणार होते.

सासऱ्यांना कॉट मिळाली. पाय सरकलेला म्हणून आधी कमरेचा एक्स-रे सांगितला. ते निमूट गेले. जाताना उशीवर आपला रुमाल ठेवून गेले. परत आले तर रुमाल खाली पडलेला आणि कॉटवर पाय मोडलेला एक तरुण विव्हळत होता. नियमाप्रमाणे त्यांना खुर्ची मिळाली. बसवत असेल तर खुर्ची, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते तोऱ्यात म्हणाले होते, बसवतं की. पण बसल्या बसल्या ते डावीकडे कलायला लागले. नणंदेने खांदा लावून त्यांना धरून ठेवलं. धरून धरून तिचा हात मोडायला आला तेव्हा कुठे भिंतीकडेची एक कॉट मोकळी झाली. त्या कॉटवर चढताना त्यांनी लोखंडी कठडा असा पकडला की वॉर्डबॉयला त्यांची बोटं सोडवता येईनात.

मग ड्यूटीवरचे डॉक्टर आले. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, हात वर करायला लावले आणि ठिपकेवालीला बाजूला घेऊन म्हणाले, डोक्यात रक्त साकळत असणार, स्कॅन लगेच हवा. असेल तर आजच्या आज काढलं पाहिजे. उशीर झाला तर बोलणं जाईल, त्याहून उशीर झाला तर माणूस जाईल.

सासरे म्हणाले, मी येत नाही.

समजावणं झालं, रागावणं झालं. नणंदेने रडून बघितलं. डॉक्टर म्हणाले, ओढून नेऊन उपयोग नाही, मशीनमध्ये निश्चल पडावं लागतं, आणि या अवस्थेत गुंगीचं इंजेक्शन द्यायला मी धजत नाही. वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला, थोडा वेळ उभा राहिला आणि रिकामी व्हीलचेअर घेऊन भरभर निघून गेला.

ठिपकेवाली त्यांच्या तोंडाशी वाकली. शब्द जड येत होते, पण डोकं जागेवर होतं.

"उतरलो की सीट गेली," ते म्हणाले. "चालत्या गाडीतून उतरलेल्याला परत सीट देणारा कंडक्टर मी तरी पाहिला नाही."

"बाबा, परत आल्यावर मी देईन कॉट. मी सांगते त्यांना."

"मघाशी का नाही सांगितलंस?"

मघाशी ती गप्प राहिली होती, कारण नियम तिचा होता. आपल्याच सासऱ्यासाठी आपलाच नियम मोडायचा, तोही पाहुणे यायच्या दिवशी, या विचाराने तिची जीभ उचलली नव्हती. नणंदेने ते बरोबर ओळखलं.

"आमच्या वहिनीबाईंचं असंच असतं बाबा," ती म्हणाली. "घरातल्या माणसापेक्षा पडद्यावरचा ठिपका जवळचा. सरका, मी झोपते तुमच्या जागेवर. तुम्ही जाऊन या."

सासऱ्यांनी मान हलवली. "तू नको. तू भांडशील आणि हरशील." त्यांनी उजव्या हाताने सुनेकडे बोट केलं. "हिला झोपव. नियम हिचा. हिला कोण उठवतोय?"

ठिपकेवालीने आजूबाजूला पाहिलं. इन्चार्ज सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशी होत्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तिचेच ठिपके स्थिर उभे होते. सासऱ्यांची डावी पापणी मिटत चालली होती. तिने चपला काढल्या, गळ्यातलं ओळखपत्र कुडत्याच्या आत ढकललं आणि म्हणाली, "झोपते."

"मी परत येईपर्यंत उठायचं नाही."

"नाही उठत."

"कोणी आलं तरी."

"कोणी आलं तरी."

तेव्हा कुठे त्यांनी कठडा सोडला. ते एका बाजूने उतरले, ती दुसऱ्या बाजूने चढली. मध्ये क्षणभरही कॉट मोकळी राहिली नाही. चादर त्यांच्या अंगाने गरम होती. नणंद व्हीलचेअरबरोबर गेली.

आडवं पडल्यावर कॅज्युअल्टी निराळीच दिसते. वर्षभर ती वरून बघत आली होती, पाखराने बघावी तशी. आता तिला दिसत होती ती एक लुकलुकणारी ट्यूब, छताला आलेली ओल आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हनुवट्या. रांग कुठवर आली, पुढे कोण, मागे कोण, काही कळत नव्हतं. कोणी जवळून गेलं की आपल्याकडेच आलं असं वाटायचं, आणि ते पुढे निघून जायचं. मग डोळे मिटून पडावंसं वाटायचं, पण डोळे मिटले की भीती वाटायची. कोण कधी येऊन म्हणेल, चला उतरा.

एक सिस्टर आली आणि काही न विचारता तिच्या दंडाला पट्टी बांधून हवा भरायला लागली. पेशंट नाही मी, ठिपकेवाली पुटपुटली. प्रेशर तर वाढलेलंच आहे, सिस्टर म्हणाली. कॉटवर पेशंटऐवजी दुसरंच कोणी आहे याचं मात्र तिला नवल वाटलं नाही. पट्टी सोडली आणि पुढच्या कॉटपाशी जाऊन तिने आधी विचारलं, "तुम्ही खरे की जागा धरलेले?"

"धरलेला," पलीकडचा म्हणाला.

तो एक जाडजूड, मिशाळ गृहस्थ होता. चादर छातीपर्यंत ओढून, बूट घालूनच झोपलेला. सिस्टर गेल्यावर तो कुशीवर वळला आणि शेजारधर्म म्हणून बोलायला लागला. त्याची आई सोनोग्राफीला गेली होती. सकाळपासून तो ज्या ज्या वेळी आई उठेल त्या त्या वेळी झोपत होता. मागच्या खेपेला त्याला सलाईन लावायला निघाले होते, थोडक्यात वाचला. ही युक्ती त्याला बाहेर चहाच्या टपरीवर कळली. आता तिथे येणाऱ्याला पहिली गोष्ट हीच सांगतात. एकट्याने येऊ नका, झोपायला माणूस आणा. आणि एकटेच आला असाल तर काही झालं तरी कॉट सोडू नका, डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणू देत.

"तो समोरचा बघा," तो कुजबुजला. "त्याला कोणी नाही. कालपासून स्कॅनला जात नाही. ठिपकेवाली म्हणून कोणी बाई आहे, तिने काढलंय हे. भेटली तर तिलाच या कॉटवर झोपवेन म्हणतो एक दिवस."

"हो," ठिपकेवाली म्हणाली.

तिने मान जराशी उचलून पडद्याकडे पाहिलं. सगळ्या कॉट भरलेल्या. ती आणि हा मिशाळ गृहस्थ, दोघंही तिथे पिवळे ठिपके होते. अशा किती कॉटवर धडधाकट माणसं पडली असतील? आणि जे खरे आजारी होते त्यांतले किती कठडा धरून बसले असतील? तिने चाल मंद केली होती. पाय कोणाचेच मंद नव्हते. पायच कोणी उचलत नव्हतं.

नणंद धावत आली ती एकटीच. तोंडाचं पाणी पळालेलं. डोक्यात रक्त साकळलं होतं, मेंदू एका बाजूला दाबला गेला होता. स्कॅनच्या खोलीतूनच बाबांना वर ऑपरेशनला नेलं. सही तिने केली. भावाचा फोन लागत नव्हता, समुद्रात कुठे असेल कोणास ठाऊक.

"आत नेताना काही बोलले?" ठिपकेवालीने विचारलं.

"नीट बोलता येत नव्हतं. पण तेवढं कळलं मला." नणंदेने डोळे पुसले. "म्हणाले, तिला सांग, उठू नको."

एवढं सांगून ती परत वर पळाली.

इन्चार्ज सिस्टरांना बातमी आधीच लागली होती. त्या आल्या, आणि आवाज न चढवता बोलल्या. ऑपरेशननंतर तुमचे सासरे वरच अतिदक्षता विभागात जातील. इथे ते परत येणार नाहीत, मॅडम. ही कॉट मला द्या. त्यांनी खुर्च्यांकडे हात केला. तिथे एक पोक्त बाई दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर जात होते. ओठ निळसर दिसत होते. बरोबर कोणी नव्हतं.

सगळं खरं होतं. कागदावर मांडलं असतं तर ठिपकेवालीनेच ते असं मांडलं असतं. उठायचं, चपला घालायच्या, वर जायचं. तिने उठायला कोपर टेकलंसुद्धा. आणि तिला वाटलं, आपण उठलो की ही जागा गेली, आणि जागा गेली की त्यांनी यायचं कुठे? हे खुळ्यासारखं आहे हे तिला कळत होतं. ते इथे येणारच नव्हते. पण अंग ऐकेना. तिचा हात कठड्यावर गेला आणि तिथेच मिटला.

नेमके तेव्हाच मोठे डॉक्टर पाहुण्यांना घेऊन आत आले. नियम समजावत समजावत ते रांगेतून येत होते आणि भिंतीकडच्या कॉटपाशी येऊन त्यांचं वाक्य मध्येच तुटलं. इन्चार्ज सिस्टरांनी थोडक्यात प्रकार सांगितला. पाहुणे कॉटवरच्या बाईकडे आणि मग एकमेकांकडे बघायला लागले.

मोठे डॉक्टर खाली वाकले. रागावले नव्हते, गोंधळले होते. "अहो, हे काय? नियम चुकलाय का आपला?"

"नियम बरोबर आहे, सर," ठिपकेवाली म्हणाली. "पण मी उठणार नाही."

"दोन्ही कसं होईल?"

"तेच मला कळत नाहीये."

मिशाळ गृहस्थाने हे ऐकलं, सिस्टर मघाशी तिला 'मॅडम' म्हणाल्या होत्या ते जुळवलं, ठिपकेवाली ती हीच हे ओळखलं आणि चादर नाकापर्यंत ओढून घेतली. मोठे डॉक्टर सरळ झाले. पाहुण्यांना त्यांनी पडद्याकडे वळवलं. तिथे ती कॉट भरलेली दिसत होती आणि पेशंट शांत होता.

इन्चार्ज सिस्टर तिथेच उभ्या होत्या. त्यांनी दुसऱ्या सिस्टरला ऑक्सिजनचा सिलिंडर खुर्चीपाशी न्यायला सांगितला. मास्क चढवला तरी ती बाई पुढे वाकून वाकून थकली होती, मान लुळी पडायला लागली होती. ठिपकेवालीने तिच्याकडे पाहिलं. बाईची नजर कॉटवर होती. मागणं नव्हतं त्यात. बसमध्ये उभं असलेलं माणूस बसलेल्याकडे बघतं तसं ती बघत होती.

"त्यांना इथे आणा," ठिपकेवाली म्हणाली.

"तुम्ही उतरा म्हणजे आणते."

"मी उतरत नाही. मी सरकते."

तिने पाय पोटाशी घेतले आणि उशीकडे सरकून बसली. सिस्टर काही बोलणार होत्या, पण बोलण्याइतका वेळ नव्हता. दोघींनी मिळून त्या बाईला उचलून कॉटवर घेतलं. आडवं करताच तिचा श्वास कोंडला आणि ती हातांनी हवा धरायला लागली. तिला टेकून बसवायला हवं होतं. सिस्टरांनी कॉटचं डोकं वर करायचा दांडा फिरवला, तो नुसताच गरगर फिरला. भिंतीकडची ती कॉट त्यासाठी बदनामच होती. तेव्हा ठिपकेवालीने भिंतीला पाठ लावली, पाय पसरले आणि त्या अनोळखी बाईला आपल्या छातीवर टेकवून घेतलं. सिस्टरांनी इंजेक्शन दिलं, मास्क घट्ट केला आणि कपाळावरचा घाम मनगटाने पुसत म्हणाल्या, "आता तुम्ही खरंच हलू नका."

हलता येणारच नव्हतं. बाई अंगाने भरलेली होती. तिचं सगळं वजन ठिपकेवालीच्या बरगड्यांवर आलं होतं, आणि तिचा प्रत्येक श्वास आपल्याच पोटातून निघतोय असं वाटत होतं. आधी तो तुटक, घरघरता होता. मग लांबत गेला. ठिपकेवाली वरच्या मजल्याचा विचार करत होती. आत्ता डोकं उघडलं असेल. आत्ता काही चुकलं तर मला सांगायला कोण येईल? तिला वर जायचं होतं, इतकं की पायांच्या बोटांना कळ लागली. आणि ती कॉटमध्ये रुतून बसली होती.

खिडकीवरचं ऊन उतरलं. ड्यूटीवरचे डॉक्टर येऊन बाईची नाडी बघून गेले आणि ठिपकेवालीकडे, एखाद्या लोडाकडे बघावं तसं, बघून मान डोलावून गेले. मिशाळ गृहस्थाची आई परत आली. दोघांनी जागा बदलली. जाता जाता तो थबकला आणि खाली बघत म्हणाला, मघाचं मनावर घेऊ नका, ताई. पाणी आणू का तुमच्यासाठी? त्याने आणलं आणि बाटली तिच्या तोंडाला लावली, कारण तिचे दोन्ही हात गुंतले होते.

शेवटी नणंद जिन्याने आली. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिला नव्हता. आधी तिला वहिनी दिसेचना, मग त्या बाईच्या मागे दिसली. ती कॉटच्या कडेला मटकन बसली, आणि तिचा चेहरा बघूनच ठिपकेवालीचे डोळे भरून आले.

"निघालं सगळं रक्त," नणंद म्हणाली. "डोळे उघडलेत. डावा हात हलवला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं." तिने नाक ओढलं. "एकालाच आत सोडतायत, आणि ते तुला बोलावतायत. चल लवकर."

ठिपकेवालीने खाली पाहिलं. त्या बाईला झोप लागली होती. ओठांवर रंग आला होता. झोपेतच तिने ठिपकेवालीचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, कठडा धरावा तसं. खुर्चीत बसल्या बसल्या तिलाही कोणीतरी टपरीवरचं ते सांगितलं असणार. ठिपकेवालीने मनगट जरासं ओढून पाहिलं. बाईचा श्वास अडखळला, पकड घट्ट झाली.

"आत्ता कशी येऊ, ताई?" ती हळूच म्हणाली. "तूच जा. आणि त्यांना सांग..."

"काय सांगू?"

"सांग, मी कॉटवरच आहे."